विक्रीयोग्य डुकरांच्या खाद्यातील पूरके: कोणती घ्यावीत, कोणती टाळावीत आणि हिशेब कसा करावा

वराहपालनात होणाऱ्या एकूण खर्चापैकी सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश खर्च खाद्यावर होतो. त्यातही सर्वांत जास्त खाद्य विक्रीआधीच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत लागते. याच काळात 'वजन झपाट्याने वाढवणारी' पावडर, द्रावण किंवा गोळ्या घेऊन विक्रेते शेडवर येतात. त्यांतील काही पूरके खरोखर उपयोगी आहेत. काहींचा उपयोग लहान पिल्लांना होतो, मोठ्या डुकरांना फारसा होत नाही. काहींच्या वापरावर कायद्याने बंदी आहे. शासकीय योजनेतून किंवा बँकेच्या कर्जातून प्रकल्प उभा केलेल्या वराहपालकांना योग्य निवड करता यावी, यासाठी ही माहिती दिली आहे.

वाढीचा शेवटचा टप्पा

डुकराच्या वाढीचे साधारण तीन टप्पे मानले जातात. दूध तोडल्यानंतरचे पिल्लू, सुमारे २० ते ५० किलो वजनाचे वाढते डुक्कर आणि त्यापुढे विक्रीपर्यंतचे डुक्कर. या शेवटच्या टप्प्यातील जनावराला फिनिशर म्हणतात. संकरित फिनिशर डुक्कर दिवसाला साधारण २ ते ३ किलो खाद्य खाते. चांगल्या व्यवस्थापनात त्याचे वजन दिवसाला ५०० ते ७०० ग्रॅम वाढते. म्हणजे १ किलो वजन वाढण्यासाठी सुमारे ३ ते ४ किलो खाद्य लागते. या आकड्याला खाद्य रूपांतर गुणोत्तर म्हणतात. हा आकडा जितका कमी, तितका नफा जास्त.

झारखंडमधील बांडा, आसाममधील डूम, मेघालयातील नियांग मेघा किंवा गोव्यातील अगोंदा गोअन या देशी जातींची वाढ संकरित डुकरांपेक्षा सावकाश होते. त्या स्थानिक हवामानात आणि साध्या खाद्यावर तग धरतात. मात्र महागडे पूरक दिले म्हणून त्यांची वाढ संकरित डुकरांइतकी होईल, अशी अपेक्षा ठेवू नका.

योजनेतील अनुदान आणि खाद्याचा खर्च

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या उद्योजकता विकास कार्यक्रमात वराहपालन प्रकल्पासाठी ५० टक्के भांडवली अनुदान मिळते.

- ५० माद्या व ५ नर यांच्या प्रकल्पासाठी कमाल अनुदान १५ लाख रुपये.
- १०० माद्या व १० नर यांच्या प्रकल्पासाठी कमाल अनुदान ३० लाख रुपये.
- वैयक्तिक शेतकरी, बचत गट, संयुक्त दायित्व गट आणि शेतकरी उत्पादक संस्था अर्ज करू शकतात.
- अनुदान दोन समान हप्त्यांत मिळते.

हे अनुदान शेड, जनावरे आणि उपकरणे अशा भांडवली कामांसाठी आहे. जमीन खरेदी आणि खेळते भांडवल यांसाठी ते मिळत नाही. म्हणजे प्रकल्प सुरू झाल्यावर रोजच्या खाद्याचा आणि पूरकांचा खर्च तुमच्याच खिशातून किंवा कर्जातून होतो. निरुपयोगी पाकिटावर गेलेला प्रत्येक रुपया बँकेच्या हप्त्यातून कमी होतो, हे लक्षात ठेवा.

खाद्याच्या खर्चासाठी पशुपालकांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळू शकते आणि त्यात वराहपालनाचा समावेश आहे. पशुपालनासाठी २ लाख रुपयांपर्यंतच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावर व्याज सवलत आहे. वेळेत परतफेड केल्यास प्रत्यक्ष व्याजदर ४ टक्के पडतो. चालू वर्षाचे नियम अर्जापूर्वी तुमच्या बँकेत विचारून घ्या.

पूरकाआधी मूळ खाद्य तपासा

पूरक म्हणजे मूळ खाद्यात अगदी कमी प्रमाणात मिसळायचा घटक. मूळ खाद्यातच ऊर्जा आणि प्रथिने कमी असतील, तर कोणतेही पूरक ती उणीव भरून काढू शकत नाही. फिनिशर डुकराच्या खाद्यात साधारण १४ ते १६ टक्के प्रथिने असावीत. १०० किलो खाद्याचा एक नमुना असा:

- मक्याचा भरडा: ६० किलो
- गव्हाचा कोंडा किंवा तांदळाची पॉलिश: २० किलो
- सोयाबीन पेंड: १२ किलो
- शेंगदाणा पेंड किंवा मोहरी पेंड: साडेपाच किलो
- खनिज मिश्रण: २ किलो
- मीठ: अर्धा किलो

स्थानिक बाजारात मिळणाऱ्या घटकांनुसार यात बदल करता येतो. बदल करताना पशुवैद्यकीय अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या. त्याशिवाय पुढील गोष्टींची खात्री करा.

- पाणी: १ किलो खाद्यामागे २ ते ३ लिटर स्वच्छ पाणी लागते. पाणी कमी पडले की डुक्कर खाद्य सोडते. खाद्यात मीठ असताना पाणी तोडल्यास मिठाची विषबाधाही होते.
- उष्णता: डुकराला माणसासारखा घाम येत नाही. कडक उन्हाळ्यात ते कमी खाते आणि वाढ मंदावते. सावली, खेळती हवा आणि अंगावर पाण्याचा फवारा यांचा फायदा होतो. उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या.
- जागा: एका फिनिशर डुकराला किमान सुमारे १ चौरस मीटर जागा हवी. गव्हाणीवर सर्वांना एकाच वेळी तोंड घालता आले पाहिजे.
- जंत: पोटात जंत असतील तर दिलेले खाद्य वाया जाते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळापत्रकानुसार जंतनाशक द्या.
- सांडलवंड: गव्हाण काठोकाठ भरू नका. जमिनीवर सांडलेले खाद्य हिशेबात दिसते, पण वजनात दिसत नाही.

कोणत्या पूरकाचा काय उपयोग

*लायसिन:* प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. मका आणि कोंडा यांवर आधारलेल्या खाद्यात लायसिन हे अमिनो आम्ल सर्वांत आधी कमी पडते. ते कमी पडले की बाकीची प्रथिने असूनही मांस धरत नाही आणि चरबी वाढते. वरच्या नमुन्यासारख्या खाद्यात टनाला दीड ते दोन किलो लायसिन मिसळणे उपयोगी ठरते. दुसरा मार्ग पेंडीचा खर्च वाचवण्याचा आहे. सोयाबीन पेंडीचे प्रमाण पुरेसे असलेल्या खाद्यात टनाला दीड किलो लायसिन आणि साडेअठ्ठेचाळीस किलो मका मिळून सुमारे ५० किलो सोयाबीन पेंडीची जागा घेऊ शकतात. पेंड महाग असते तेव्हा यात बचत होते. पेंड आधीच कमी असेल तर ती आणखी कमी करू नका.

*फायटेज:* धान्य, कोंडा आणि पेंड यांतील सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस अशा स्वरूपात बांधलेला असतो, की डुकराला तो पचवता येत नाही. तो शेणावाटे निघून जातो. फायटेज हे विकर तो मोकळा करते. १ किलो खाद्यात साधारण ५०० युनिट फायटेज मिसळल्यास बाहेरून द्यावा लागणारा डायकॅल्शियम फॉस्फेट कमी करता येतो. खरा फायदा इथेच आहे. फायटेजही घातले आणि फॉस्फेटही पूर्वीइतकेच ठेवले, तर खर्च फक्त वाढतो.

*तंतू पचवणारी विकरे:* झायलनेजसारखी विकरे कोंड्यातील तंतुमय भाग फोडतात. गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा जास्त असलेल्या खाद्यात त्यांचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. मका व सोयाबीन मुख्य असलेल्या खाद्यात फरक कमी दिसतो.

*प्रोबायोटिक आणि यीस्ट:* आतड्यातील उपयुक्त जिवाणूंना यांची मदत होते. दूध तोडल्यावर पिल्लांना होणाऱ्या जुलाबांत फायदा अधिक दिसतो. निरोगी फिनिशर डुकराचे पोट आधीच स्थिरावलेले असते, त्यामुळे वजनातील फरक लहान असतो आणि प्रत्येक शेडवर सारखा येत नाही.

*सेंद्रिय आम्ले:* फॉर्मिक, सायट्रिक किंवा फ्युमॅरिक आम्ल खाद्यातील व पोटातील घातक जिवाणू कमी करते. यांचाही मोठा फायदा पिल्लांना होतो.

*विष शोषक:* ओलसर मका आणि शेंगदाणा पेंडीवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृतावर परिणाम करते, भूक मंदावते आणि वाढ थांबते. बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिन शोषून घेते. मात्र इतर बुरशीविषांवर तिचा परिणाम कमी असतो. बुरशी लागलेले खाद्य विष शोषक मिसळून वापरण्यापेक्षा धान्य १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून, जमिनीपासून उंच फळ्यांवर साठवणे स्वस्त पडते. वाळलेला दाणा दाताखाली कडकन फुटतो.

*तांबे आणि जस्त:* दोन्ही खनिजे आवश्यक आहेत, पण फारच थोडी. जस्त कमी पडल्यास कातडीवर खपल्या येतात. चांगल्या खनिज मिश्रणातून गरज भागते. मोरचूद जास्त दिल्याने होणारी वाढ मुख्यतः पिल्लांमध्ये दिसते. फिनिशर डुकरांना दिलेले जादा तांबे बहुतांशी शेणातून बाहेर पडते आणि ते खत ज्या शेतात जाते तिथे साठत राहते.

*वनस्पतिजन्य पूरके:* लसूण, ओवा, हळद, शतावरी अशा वनस्पतींच्या मिश्रणांचे निकाल एकसारखे नाहीत. पाकिटावर घटक आणि प्रमाण लिहिलेले नसेल तर ते घेऊ नका.

हे वापरू नका

*प्रतिजैविके:* वजन वाढवण्यासाठी खाद्यात थोडे थोडे प्रतिजैविक देण्याची पद्धत जगभर होती. त्यामुळे औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार होतात आणि ते माणसांपर्यंत पोहोचतात. शेडमध्ये रोज काम करणारे तुमचे कुटुंब त्यांच्या सर्वांत जवळ असते.

कोलिस्टिन हे औषध माणसांच्या गंभीर संसर्गात इतर औषधे निरुपयोगी ठरल्यावर वापरले जाते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरिता, कुक्कुटपालनाकरिता आणि पशुखाद्याच्या पूरकांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. २०२५ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरिता क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या औषधांवरही बंदी आली. पाकिटावर ही नावे दिसल्यास ते विकत घेऊ नका.

प्रतिजैविक बंद केल्यास नुकसान होईल, अशी भीती अनेकांना वाटते. डेन्मार्क हा वराहपालनातील आघाडीचा देश आहे. तिथे १९९८ मध्ये फिनिशर डुकरांच्या खाद्यातून वाढीसाठीची प्रतिजैविके काढून टाकण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात असे आढळले, की मोठ्या डुकरांच्या वाढीवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. अडचण आली ती दूध तोडलेल्या पिल्लांमधील जुलाबांची. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून ही पद्धत पूर्ण बंद केली.

आजारी जनावराला पशुवैद्यकाने प्रतिजैविक दिले तर ते पूर्ण मात्रेत द्या. शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस जनावर कत्तलीसाठी विकायचे नाही, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. फिनिशर टप्प्यात ही तारीख पाळणे सर्वांत महत्त्वाचे, कारण विक्री जवळ आलेली असते.

*रॅक्टोपामाइन:* चरबी कमी करून मांस वाढवणारे हे औषध काही देशांत वापरले जाते. युरोपीय संघ आणि चीनमध्ये त्यावर बंदी आहे. 'मांस वाढवणारी पावडर' म्हणून घटकांचे नाव न सांगता कोणी काही विकत असेल, तर नकार द्या.

*हॉटेलमधील न शिजवलेले उष्टे:* आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा रोग भारतात २०२० मध्ये प्रथम ईशान्येकडील राज्यांत आढळला. त्यावर उपचार नाहीत. डुकराच्या मांसाचे तुकडे असलेल्या उष्ट्यातून तो पसरतो. मांस असलेले उष्टे देऊच नका. इतर उष्टे ९० अंश सेल्सियसवर किमान एक तास ढवळत उकळून, थंड करून द्या.

नफा-तोट्याचा हिशेब

वजन वाढले म्हणजे नफा झाला, असे नाही. १ किलो वजन वाढायला किती रुपयांचे खाद्य लागले, हे पाहा. पुढील आकडे उदाहरणासाठी आहेत. त्यांच्या जागी तुमच्या गावातील भाव घाला.

समजा खाद्य ३० रुपये किलो आहे आणि १ किलो वाढीसाठी ३.३ किलो खाद्य लागते. खर्च झाला ९९ रुपये. विक्रेता ४०० रुपये किलोचे पूरक टनाला २ किलो मिसळायला सांगतो. म्हणजे टनाला ८०० रुपये, किंवा किलोमागे ८० पैसे जादा. खाद्याचा नवा भाव ३०.८० रुपये.

- पूरकामुळे ३.१ किलो खाद्य पुरले: खर्च ९५.४८ रुपये. किलोमागे ३.५२ रुपये वाचले. ४० किलो वाढीमागे सुमारे १४१ रुपयांचा फायदा.
- ३.२५ किलो खाद्य पुरले: खर्च १००.१० रुपये. खाद्य कमी लागले, तरी किलोमागे १.१० रुपये तोटा. ४० किलो वाढीमागे ४४ रुपये आणि ५० डुकरांमागे २,२०० रुपये तोटा.

या उदाहरणात खाद्य ३.२१ किलोपर्यंत खाली आले तरच पूरकाचे पैसे वसूल होतात.

विक्रीचे वजनही हिशेबात धरा. डुक्कर जसजसे जड होते, तसतशी चरबी जास्त धरते आणि प्रत्येक किलो वाढीसाठी जास्त खाद्य लागते. बाजाराला हवे असलेले वजन आल्यावर महिनाभर थांबून राहिल्यास जे नुकसान होते, ते अनेकदा कोणत्याही पूरकाने भरून निघत नाही.

तुमच्या शेडवर चाचणी कशी घ्याल

1. एकाच वयाची, जवळपास सारख्या वजनाची २० डुकरे निवडा. दोन कप्प्यांत १०-१० ठेवा. नर व माद्या दोन्ही कप्प्यांत सारख्या असाव्यात.
2. दोन्ही कप्प्यांना एकच खाद्य द्या. पूरक एकाच कप्प्याच्या खाद्यात मिसळा.
3. पहिल्या दिवशी आणि २८ व्या दिवशी सकाळी, खाद्य देण्याआधी वजन करा.
4. प्रत्येक कप्प्याला दिलेले खाद्य रोज मोजून वहीत लिहा. उरलेले खाद्य वजा करा.
5. एकूण खाद्याला एकूण वाढलेल्या वजनाने भागा. उदाहरणार्थ, कप्प्याचे वजन ६०० वरून ७६८ किलो झाले आणि खाद्य ५५४ किलो लागले, तर ५५४ भागिले १६८ म्हणजे ३.३.

काटा नसेल तर मोजपट्टी वापरा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी मीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३ केल्यास अंदाजे वजन किलोमध्ये मिळते. घेर १ मीटर आणि लांबी १.०५ मीटर असेल, तर वजन सुमारे ७३ किलो.

खरेदी करताना आणि मिसळताना

- पाकिटावर घटक, प्रमाण, उत्पादन व मुदत संपण्याची तारीख, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता पाहा. पक्के बिल घ्या.
- पूरक डुकरांसाठी आहे का आणि कोणत्या वयासाठी आहे, ते वाचा.
- टनाला अर्धा किलो पूरक थेट ढिगात टाकू नका. आधी ५ किलो भरड्यात, मग ५० किलोत आणि शेवटी सर्व खाद्यात मिसळा.
- खाद्य शिजवून देत असाल तर विकरे, प्रोबायोटिक आणि जीवनसत्त्वे खाद्य थंड झाल्यावर मिसळा. उष्णतेने ती निकामी होतात.
- पाकीट उन्हात किंवा ओलसर जागी ठेवू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*एकच पूरक घेण्याची ऐपत असेल तर कोणते घ्यावे?*
खनिज मिश्रण आणि मीठ आधीच देत असाल, तर मका-कोंड्याच्या खाद्यासाठी लायसिनचा विचार प्रथम करा.

*दोन-तीन पूरके एकत्र दिली तर फायदा दुप्पट होतो का?*
नाही. फायदे तसे जोडले जात नाहीत, खर्च मात्र जोडला जातो. एका वेळी एकाचीच चाचणी घ्या.

*पूरक दिल्यावर लसीकरण आणि विम्याची गरज उरते का?*
होय. कोणतेही पूरक स्वाइन फिव्हर किंवा लाळ्या खुरकूत रोखत नाही. क्लासिकल स्वाइन फिव्हर आणि लाळ्या खुरकूत यांच्या लसी शासकीय कार्यक्रमातून दिल्या जातात. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या पशुधन विम्यात लाभार्थीचा हप्त्यातील वाटा १५ टक्के आहे.

मदत कोठे मिळेल

खाद्याचा नमुना, पाकिटाचा फोटो आणि वजनाची वही घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा कृषी विज्ञान केंद्रात जा. वराहपालनाविषयी संशोधन व प्रशिक्षण देणारे राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र गुवाहाटीजवळ राणी येथे आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर आणि शेतीविषयक सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधा. अनुदानासाठी अर्ज करण्यापूर्वी राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या चालू मार्गदर्शक सूचना तुमच्या जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात पाहून घ्या.